वृंदावनाच्या पोटातलं पाणी

डिचोली तालुक्यातल्या एका घरून पाऊस ओसरल्यावर बोलावणं आलं. तुळशीच्या लग्नाआधी अंगणातल्या वृंदावनाच्या भेगा भरून रंग द्यायचा, एवढंच काम. बांधून तीनच पावसाळे झालेले. समोरच्या कोपऱ्याला उभी भेग, पायथ्याशी पांढरा लोणा म्हणजे ओलीने फुटलेला खार, पणतीची देवळी कायम ओली. हातोडीने ठोकत गेलो तर खालच्या दीड फुटाचा गिलावा बदबद, पोकळ वाजत होता. तुळस दर श्रावणात मरायची. घरातल्या आजींनी हळूच विचारलं, "काही दोष तर नाही ना रे?"

मागच्या बाजूने छिन्नीने भोक पाडलं. विटेचा शेवटचा तुकडा निघाला आणि काळं, कुजकट वासाचं पाणी धार धरून आलं. जवळजवळ बादलीभर. सोबत मुळ्या आल्या, त्यांची साल नुसत्या बोटाने सुटत होती. आजींना तिथेच सांगितलं, दोष पाण्याचा आहे, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

आधी बांधणाऱ्याने मातीच्या खड्ड्याचा तळ काँक्रीटने बंद केला होता, आतून गिलावाही केला होता, पण पाणी जायला वाटच ठेवली नव्हती. देवळी अर्ध्या विटेच्या भिंतीत, तिच्या मागे फक्त एक टाईल आणि टाईलमागे ओली माती. पाया तर भरावावर जेमतेम 6 इंच. झिरपलेल्या पाण्याने एक बाजू खचली, म्हणून भेग. वरून कितीही सिमेंट थापलं तरी जूनमध्ये ती परत उघडणार. म्हणून जुनं उतरवून नवंच बांधायचं ठरलं. घरच्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, मग पहिली वीट काढली.

भराव संपून मुरूम लागेपर्यंत 2 फूट खणलं. तळ धुम्मसाने ठोकून 6 इंच दगडी सोलिंग म्हणजे दगडांचा थर, त्यावर 4 इंच काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी 1:4:8), मग चिऱ्यांचे म्हणजे जांभ्या दगडाचे दोन थर, जमिनीपर्यंत. वरचं काम विटांचं, कारण एवढ्या लहान मापाला चिरा तासत बसलं की कोपरे उडतात. विटा तासभर पाण्यात भिजवल्या. कोरडी वीट मालातलं पाणी पिते आणि सांधा भुसभुशीत राहतो. माल सिमेंट-वाळूचा, 1:6.

खालची पायरी 3 फूट चौरस, वरची सव्वादोन फूट, दोन्ही भरीव, प्रत्येकी दोन थर. त्यावर दीड फूट चौरस अंग, नऊ थरांचं. यातले खालचे चार थर भरीव ठेवले, आणि या कामाची मेख तीच. देवळी दुसऱ्या ते चौथ्या थरात, घराच्या दाराकडे तोंड करून, साडेचार इंच खोल. तिच्या मागे पूर्ण वीटकाम आहे, माती नाही. तिच्या माथ्यावर कडप्प्याचा तुकडा. वरच्या पाच थरांत अर्ध्या विटेची भिंत आणि आत 9 इंच चौरस खड्डा. तुळशीला पाच थरांची खोली पुरते. शेवटी बाहेर आलेला कंगोऱ्याचा थर. तुटफूट धरून 200 विटा लागल्या.

खड्ड्याच्या तळाला मागच्या बाजूला उतार दिला आणि तिथे 1 इंची पीव्हीसी पाईप बसवला. तो सरळच हवा. एल्बो म्हणजे वाकडा जोड घातला की चोंदल्यावर आत काही जात नाही. आतल्या तोंडावर जाळी, तिच्यावर 4 इंच विटांचे तुकडे, मग जाड वाळू, मग माती आणि कुजलेलं शेणखत. माती भरण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघितलं, एक थेंबही आत थांबला नाही. एका कोपऱ्यात 2 इंची पाईपचा तुकडा उभा पुरला. लग्नाला ऊस रोवताना पहारीने मुळं तुटतात, तो आता त्या पाईपात उभा राहतो.

गिलावा 1:4, अर्धा इंच, सात दिवस ओल्या गोणपाटाखाली. रंगाची घाई घरच्यांना होती, मी तीन आठवडे थांबायला लावलं. ओल्या गिलाव्यावर रंग मारला की पापुद्रे सुटतात.

दर मे महिन्याच्या अखेरीस पाईपमध्ये तार घालून तो कसा साफ करायचा, ते आजींच्या नातवाकडून दोनदा करून घेतलं आणि निघालो.