खड्डा बुजवायच्या आधी एमबी (सरकारी मोजमाप वही) लिहून घ्या

गोदाकाठच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्यांचं काम घेतलं होतं. टेंडर, वर्क ऑर्डर, स्लॅब, प्लास्टर सगळं रांकेला लागून झालं, माझे 7 महिने खाल्ले ते जमिनीखालच्या अडीच फुटानं.

इस्टिमेटात पाया चार फूट. टेबलावर बसूनच केलं असणार, कारण आमच्याकडची काळी माती ज्याला माहितीय तो चार फुटावर थांबतच नाही, उन्हाळ्यात अशी भेगाळते की हात आत जातो आन् पावसाळ्यात तीच फुगून भिंत उचलते. मुरूम लागला साडेसहाला. कामावरचे इंजिनिअर साहेब आले, म्हणले घ्या खाली, जादाचं बसवू आपण. बाराही खड्ड्यांत टेप लावला, टेपचं तोंड तुटलेलं म्हणून एक फुटापासून धरून मोजलं, आन् मापं लिहिली खिशातल्या डायरीत. एमबीत नंतर चढवतो म्हणले. मी काँक्रीट टाकून माती भरून मोकळा.

महिन्यात साहेबाची बदली, डायरी त्यांच्यासंगं गेली. नवीन साहेब म्हणले, "गुत्तेदार, जमिनीखालचं मला काय दिसायलंय का? मी चारच लिहिणार." आता वाटतं बरोबर होतं त्यांचं, सही त्यांची, ऑडिटला उत्तर त्यांनाच द्यायचं. तेव्हा मात्र लई डोकं फिरायचं. उपअभियंता म्हणायचे आधी एमबीत नोंद येऊ द्या, मग तपासतो. क्लार्क म्हणायचा जादा कामाची मंजुरी आणा. मंजुरीच्या टेबलावर गेलं की, मापं कुठायत? इकडं सिमेंटवाल्याचा रोज फोन, मी तर रस्ता बदलून जायलो होतो. मार्चमधी ऑफिसात रात्री बारापर्यंत लाईट, सगळ्यांची बिलं निघाली, माझी फाईल तशीच.

(वाळू-खडीचे वाहतूक पास जपून ठेवा बरं का, नसले की रॉयल्टी बिलातून कापतात, माझी कापली. कामगार उपकराचा 1 टक्का तर जातोच, तो भाव भरतानाच धरा. जीएसटीचा 2 टक्के टीडीएस पण कापतात, पण तो आपल्याच जीएसटी खात्यात जमा होतो.)

शेवटी आमच्या सेंट्रिंगवाल्या पोराच्या मोबाईलमधी फोटो सापडले, खड्ड्यात उभा टेप, मागं शाळेची जुनी इमारत, वर तारीख. ते बघून साहेब जरा नरमले, म्हणले एक कोपरा उकरून दाखवा. दोन माणसं, अर्धा दिवस. साहेबांनी सोता टेप धरला, सहा फूट चार इंच. एवढंच भरलं, मग बाराही खड्ड्यांना सहा फूट चार इंचच लिहिलं, मी पण गप बसलो. त्यानंतर मंजुरी आन् बिल दीड महिन्यात.

म्हणून सांगतो, साहेबानं एमबीत लिहिल्याबिगर खड्ड्यात एक घमेलं माती टाकू नका, आन् फोटो जीपीएस कॅमेऱ्यानंच काढा. हां, काँक्रीट तपासायला जे क्यूब (ठोकळे) भरतो त्यांच्यावर भरल्याची तारीख त्याच दिवशी कोरा, 28 दिवसाच्या ताकदीच्या रिपोर्टाला ती लागते.

अनामत अजून ऑफिसातच आहे, दोष दायित्वाची मुदत (कामात दोष निघाला तर आपणच दुरुस्त करायचा तो काळ) संपल्यावर मिळंल. परवा शाळेत जाऊन आलो, भिंतीला केसाएवढी भेग नाही.