पानाचा दुमडलेला कान

मे महिन्यातली दुपार. वाचनालयातल्या कूलरचं पाणी संपलंय, त्यामुळे तो नुसताच गरम हवा फेकत घरघरतोय. परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ आणि तिच्या ११२व्या पानाचा कान दुमडलेला. त्यापुढची सगळी पानं करकरीत.

पानांचे कान दुमडणाऱ्यांवर पुस्तकप्रेमी चिडतात. चिडोत बापडे. “एखादी चांगली कादंबरी सांगा ना,” असं ज्याला सगळे विचारतात, त्याला त्या कानाइतकी खरी माहिती दुसरं कोणी देत नाही. ४०च्या आत दुमडलेला कान म्हणजे सुचवणाऱ्याची चूक. शंभराच्या पुढचा म्हणजे पाहुणे आले, घरात लग्न निघालं, नाहीतर मुदत संपली. शेवटच्या वीस पानांतला मात्र आवडल्याचा. संपू नये म्हणून कोणीतरी रात्रभर थांबलेलं असतं.

११२चं कारण बहुधा वजन. नागपुरात मेमध्ये माणूस वाचतो तो आडवा पडून, कूलरच्या झोतात. आठशेच्या आसपास पानांचं पुस्तक आडव्यानं धरलं की दहा मिनिटांत मनगट भरून येतं, विसाव्या मिनिटाला डुलकी लागते आणि पुस्तक नाकावर. कादंबरीचा त्यात दोष नाही. एका कुळाचं निमित्त करून ती मराठी मुलखाची कित्येक शतकं उपसते. पण ती द्यावी दिवाळीनंतर, टेबलावर ठेवून वाचायला, रोज ३० पानं. २७ दिवस लागतात, म्हणजे पंधरा दिवसांची मुदत एकदा वाढवून घ्यायची. एवढं सांगून दिली तर कान न दुमडता परत येते.

उन्हाळ्यात बारीक पुस्तकं बरी. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ची. घरी भाड्यानं राहायला आलेल्या एकाच मुलात भाऊ गुंततो आणि बहीणही. आधी भाऊ बोलतो, मग बहीण. भावाचा भाग दुपारी वाचावा, बहिणीचा संध्याकाळी. मध्ये चहा हवाच. भीतीचं हवं असेल तर हृषीकेश गुप्ते यांची ‘हाकामारी’. ही उजेडातच सुरू करायला सांगावी. रात्री दिवे गेले तर शिव्या सुचवणाऱ्याला बसतात.

२००६च्या कादंबरीला ‘नवी’ म्हणायचं का? मराठीत चालतं. हजार प्रती खपायला इथे इतका वेळ लागतो की पंधरा-वीस वर्षांचं पुस्तकही ताजंच राहतं. रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ त्याहून एक वर्ष जुनी. साक्षरता मोहिमेत भरडून निघालेले तिच्यातले गुरुजी वाचून आजचा शिक्षक पोट धरून हसतो आणि मग जरा वेळ गप्प होतो. भाषा बुलढाण्याकडची, आपल्या कानाला सवयीची.

बोली हा मोठाच अडसर. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ती मागायला बरेच जण आले. त्यातल्या काहींचा कान १५व्याच पानावर. “काहून जी, हे मराठीच होय का?” भाषा पन्हाळ्याकडची, आणि डोळा अडखळला की माणूस सोडून देतो. उपाय साधा आहे. पहिली दहा पानं मोठ्यानं वाचायची, शक्यतो घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर. डोळ्यांना न कळलेलं कानाला कळतं; अकराव्या पानापासून बोली आड येत नाही.

आणि हो, कपाटांवरच्या चिठ्ठ्या. ऐतिहासिक, सामाजिक, रहस्य. ज्याचं काय करावं कळत नाही ते सगळं सामाजिक! नंदा खरे यांची ‘उद्या’ तिथेच पडून असते. ती येऊ घातलेल्या काळाची: माणसांवरची पाळत, कंपन्यांचं राज्य, मुलींची घटत चाललेली संख्या. २०१४ची, पण सध्या वर्तमानपत्राशेजारी ठेवावी अशी. तिला २०२०चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा खरे यांनी तो नाकारला. लेखक नागपूरचेच, हे सांगितलं की प्रत लगेच उचलली जाते. त्यांचीच ‘अंताजीची बखर’ मागायची तर ‘ऐतिहासिक’मध्ये शोधावी लागते, तिथे ती तलवारी उपसलेल्या मुखपृष्ठांच्या रांगेत अवघडून उभी असते, कारण तिचा नायक जिवाला जपणारा, इरसाल हेर. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांचा आपल्याला कोण अभिमान! तिकडे बंगालीत मुलांना निजवायच्या गाण्यात अजून बर्गी, म्हणजे लुटारू मराठे घोडेस्वार, येतात, ते आपलेच. नागपुरातल्या महाल भागातल्या माणसाला ही कादंबरी जरूर द्यावी, पण हसून.

सुचवण्याची माझी पद्धत एवढीच. आवडलेलं पुस्तक विचारू नये. सगळे तीच तीन भारदस्त नावं सांगतात. अर्धवट सोडलेलं विचारावं, आणि कुठे सोडलं ते. तीन पुस्तकं सुचवू नयेत, तिन्ही राहतात. एकच द्यावं. कथानक सांगू नये. ५० पानांत जमलं नाही तर परत आणायची मुभा आधीच द्यावी. मुभा असली की माणूस ६० पानं वाचतो.

आणि गाव विचारावं. हे चुकतंच. शेतीतून कसाबसा निघून शहरात आलेल्या मुलाच्या हातात सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ठेवली जाते, कारण “तुमच्याकडचीच आहे.” तो तीन पानं वाचून म्हणतो, हे पाहूनच तर आलो ना बाप्पा. त्याला रहस्यकथा द्यायला हवी होती.

‘रिंगाण’चंही तसंच. ती आहे धरणात उठलेल्या गावाची; मागे राहिलेली म्हैस शोधायला माणूस परत जातो. छान आहे, लहान आहे, कोणालाही द्यावी असं वाटतं. प्रत काढून समोर ठेवली जाते आणि मग, उशिरानं, विचारलं जातं, “गाव कोणतं आपलं?”

“पवनीकडे होतं. गोसेखुर्दच्या धरणात गेलं.”

पुस्तक टेबलावरच असतं. पुढे सरकवावं की मागे घ्यावं, कळत नाही.