तीनाचे टिंब

माझी भाची यंदा सहावीत आहे. परवा ती चौकटीची वही घेऊन शेजारी येऊन बसली आणि २.५ व १.२५ यांची बेरीज तिने एकाखाली एक मांडली. मांडणी मोठी देखणी होती: दोन्ही संख्यांच्या उजव्या कडा एका रेषेत, पाचाखाली पाच, दोनाखाली दोन आणि डावीकडे एकटा पडलेला एक. पाच आणि पाच दहा, शून्याला शून्य, हातचा एक, असे पुटपुटत तिने उत्तर काढले आणि टिंब खालच्या संख्येत होते तेथेच खाली उतरवले. उत्तर आले १.५०. अडीचमध्ये सव्वा मिळवल्यावर दीड उरला होता.

मी पुसायला सांगितले नाही. "अडीच आणि सव्वा किती?" एवढेच मोठ्याने विचारले, तर उत्तर ओट्यापाशी उभ्या असलेल्या माझ्या आईकडून आले. "पावणेचार. का रे?"

आई पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केलेल्या पिढीतली. तिच्या हिशेबात अडीच म्हणजे दहा पाव, सव्वा म्हणजे पाच पाव आणि पंधरा पाव म्हणजे पावणेचार. त्यात टिंब येतच नाही, त्यामुळे ते चुकीच्या जागी पडण्याचा प्रश्नही येत नाही. लिहून बेरीज करताना मात्र तिच्या पिढीचे हाल आमच्यापेक्षा अधिक होते, कारण रुपये, आणे आणि पै असे तीन रकाने असत, पैंच्या रकान्यात बारा झाले की हातचा आणि आण्यांच्या रकान्यात सोळा झाले की हातचा. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा कुठे प्रत्येक रकान्यात दहालाच हातचा जाऊ लागला.

भाचीची चूक निष्काळजीपणाची नव्हती, हे मला आवर्जून सांगायचे आहे. पहिलीपासून आपण मुलांना उजवीकडून सरळ मांडायला शिकवतो. पूर्ण संख्येचा शेवटचा अंक नेहमी एककाचाच असल्यामुळे उजवी कड जुळली की स्थाने आपोआप जुळतात, आणि कड हीच नियम आहे असा मुलांचा समज होतो. दशांश अपूर्णांकात शेवटचा अंक दशांशाचा असेल, शतांशाचा असेल किंवा सहस्रांशाचाही असेल. एकक कोठे संपले हे तेथे फक्त टिंब सांगते, म्हणून टिंबाखाली टिंब. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास 'लीलावती'त बेरीज सांगताना अंक ज्याच्या त्याच्या स्थानानुसार मिळवावेत, मग उजवीकडून निघा की डावीकडून, असे अर्ध्या श्लोकात सांगून टाकले आहे. आपण त्यातली दिशा तेवढी उचलली.

शिवाय मोठी माणसेही ही चूक करत असतील, पण ती कधी उघडी पडत नाही. वाण्याच्या छापील बिलात ४५.०० आणि ११२.५० असे सगळे आकडे दोन घरांचे असतात. सराफाच्या पावतीत वजन तीन घरांपर्यंत असते. कोणीतरी आधीच शून्ये भरून ठेवल्यामुळे उजवी कड आणि टिंब दोन्ही एकाच वेळी जुळतात, आणि आपण कशाच्या आधारे बरोबर आलो हे आपल्याला कळत नाही. ही शून्ये मला नेहमी गमतीची वाटतात. पाचापुढे शून्य दिले की पन्नास होतात, पण २.५ पुढे दिले तर संख्या तसूभरही हलत नाही. (सराफाच्या तराजूवर ४.५०० ग्रॅम हे साडेचारच असतात, पण मिलिग्रॅमपर्यंत वजन पाहिले आहे, अशी ग्वाही ती दोन शून्ये देतात.)

टिंब दिसले की दशांश, असेही मात्र नाही. क्रिकेटमध्ये ४.३ षटके आणि ३.४ षटके मिळून ७.७ होत नाहीत, ८.१ होतात, कारण तेथे सहा चेंडूंना हातचा जातो. हे मी भाचीला सांगायला नको होते. पुढची दहा मिनिटे त्यातच गेली.

मग तिने पहिले गणित पुन्हा मांडले. टिंबाला स्वतंत्र चौकट न देता दोन चौकटींमधल्या उभ्या रेषेवर ते ठेवले, २.५ पुढे शून्य लिहिले आणि ३.७५ काढून आजीला दाखवून आली. पुढचे गणित होते ३ आणि ०.०८. तिने वरच्या ओळीत तीन लिहिला, खाली आठ आणण्यासाठी पेन्सिल टेकवली आणि थांबली.

"मामा, ह्या तीनाचं टिंब कुठे गेलं?"

"तिथेच आहे. लिहायचा कंटाळा म्हणून कोणी लिहीत नाही."

तिने तीनाच्या उजव्या रेषेवर एक बारीक टिंब दिले, पुढच्या दोन चौकटींत दोन शून्ये लिहिली आणि ३.०८ असे उत्तर काढले. नंतर मी चहा घेऊन परत आलो, तेव्हा ती आदल्या आठवड्याची पाने उलटत होती आणि तपासून झालेल्या, बरोबरच्या खुणा मिळालेल्या पूर्ण संख्यांपुढे एकेक करून पेन्सिलीने टिंबे देत होती.