कुंडी घ्यायची का?

आज चियांग माईतल्या आमच्या फ्लॅटचं भाडं द्यायला गेलो तर घरमालकीणबाई हातात आंब्यांची पिशवी ठेवून म्हणाल्या, "विकतच घ्या की हा फ्लॅट!" हिचे डोळे चमकले.

इथे थायलंडमध्ये परक्याच्या नावावर सहसा जमीन होत नाही. कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, होतो; पण परदेशी लोकांकडे इमारतीचा ४९ टक्क्यांहून जास्त भाग जाता कामा नये. आम्ही रिटायर्ड व्हिसावाले, दर ९० दिवसांनी पत्ता कळवणारे. त्यात मार्चमध्ये शेतं-जंगलं पेटली की चियांग माईत श्वास घेववत नाही, आम्ही पुणं गाठतो. मग मालकी कशाला? (खिळा ठोकायलाही परवानगी लागते, हे खुपतं खरं.)

बाजारातून 'काप्राओ' (तुळशीचं थाई नाव) म्हणून आणलेली तुळस अजून पत्र्याच्या डब्यातच आहे. कुंडी आणू का, हिने मघाशी विचारलं.