तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं मोठं कुत्रं दिवसभर करतं काय?

गावातले विचारतात, नागपूरहून आलेले पाहुणे तर हमखास विचारतात, की एवढं मोठं शहरात वाढलेलं कुत्रं इथे कंटाळत नाही का, त्याला काय काम देता? तर एकदाचं लिहूनच टाकते. आमचा ब्रूनो लॅब्राडोर आहे, एका कुटुंबाची बदली झाली तेव्हा आमच्याकडे आला, चांगला चार-पाच वर्षांचा आणि अंगानं भरलेलं पोतं. गाव त्याला बुरणू म्हणतं, तो दोन्ही नावांना येतो.

उत्तर एवढंच की मी त्याला पळवत कमी आणि हुंगवत जास्त. सकाळी ऊन चढायच्या आधी वावरात नेते, धुऱ्याधुऱ्यानं, आणि दोर सैल सोडते. एका तुरीच्या बुडाशी तो थांबला की थांबला, रात्री कोण येऊन गेलं, ससा की रानडुक्कर, ते सगळं तो तिथे नाकानं वाचत बसतो आणि मी गपचूप उभी राहते. शेजारचे काका बंडीवरून जाता जाता ओरडतात, "लोकं ढोरं चारतेत, तू कुत्रं चारून रायली का वो!" चारतेच म्हणा. पण असं निवांत हुंगून घरी आलेला ब्रूनो ओसरीवर आडवा होतो तो दुपारपर्यंत, उलट पोरांनी चेंडू फेकफेक केली की दिवसभर पिसाटल्यासारखा फिरतो, आणि जड कुत्र्याच्या सांध्यांना त्या उड्या बऱ्या नव्हेत ते वेगळंच.

खरी मजा गोठ्याजवळ. ज्वारीच्या भाकरीचे करंगळीच्या पेराएवढे तुकडे करायचे, टोपलंभर कुटारात दडवायचे आणि म्हणायचं, शोध. मग डोळ्यापर्यंत तोंड आत, फुर्र फुर्र आवाज, मधेच एक जोरदार शिंक, नाकावर भुसा चिकटलेला आणि शेपटी थांबायचं नाव नाही. आमच्या सासूबाई, ज्यांना कुत्रं घरात आणलेलं मुळीच पटलं नव्हतं, त्या आता स्वतः तुकडे लपवतात आणि वर चीटिंगही करतात, एखादा पदराखालीच ठेवतात.

हे तुकडे त्याच्या जेवणातनंच वजा करायचे हं. लॅब्राडोरचं पोट भरलंय असं कधी वाटतच नाही, "बिचारा उपाशी दिसते" म्हणून जो तो पोळी टाकतो. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडाच गायब असतो, म्हणून त्यांची भूक जास्त. आमचा त्यातला आहे की नुसता लबाड, देव जाणे. मी हात फिरवून बघते, बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, न दाबता. कांदा-लसणाची भाजी नाही, मनुका नाही, शिजवलेली हाडं तर अजिबात नाही, त्यांच्या चिलपा होऊन आतडी फाटतात.

उन्हाळ्यात मात्र सगळं बंद. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. डांबरी रस्त्यावर तळहात टेकवून बघा, तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवत नाही. तेव्हा दुपारी बिनमिठाचं पातळ ताक वाटीत गोठवून देते, चाटत बसतो कूलरसमोर. पोहायची हौस पावसाळ्यात नाल्यात, तेही पाणी संथ असेल तरच. शेततळ्याकडे त्याला फिरकूही देत नाही, प्लास्टिकच्या कागदावर पंजा टिकत नाही, पोहता येणारं कुत्रंसुद्धा काठ चढू न शकल्यानं बुडतं.

कपाशीवर फवारणी चालू असली की तो घरीच, आणि अंधार पडला की आत, बिबट्याला कुत्रं म्हणजे आयतं जेवण. फिरून आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायचे, हे तर रोजचंच.

आणि नुकतंच मोठं कुत्रं आणलेल्यांसाठी एक, पहिल्या दिवशी टोपलं पुढे ठेवलं तर ते नुसतं तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. बसू द्या. आधी दोन-तीन दिवस तुकडे कुटाराच्या वरच दिसतील असे ठेवा, मग अर्धे झाका, मग पूर्ण.