ताकदीसाठी काय घेऊ?

बीपी बघून झालेलं असतं, चिठ्ठी खिशात गेलेली असते, आणि दाराशी पोचल्यावर प्रश्न येतो : "डॉक्टर, ताकदीसाठी काहीतरी द्या की." कुणी म्हणतो अशक्तपणा वाटतोय, कुणी म्हणतो पूर्वीसारखं राहिलं नाही. विट्याचा असो, पलूसचा असो, पंचविशीचा असो की पंचावन्नचा, विचारणं हेच. तुम्ही विचारलंत म्हणून नीट बसून सांगतो, कारण दाराशी उभं राहून देण्यासारखं हे उत्तर नाही.

ताकद म्हणजे इथं लिंगाची ताठरता. आधी हे समजून घ्या की ताठरता हा रक्ताचा खेळ आहे. इच्छा झाली की मज्जातंतूंतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, वाहिन्या सैल पडतात, लिंगात रक्त भरतं, आणि त्या दाबानं परतीच्या शिरा मिटून ते तिथं टिकतं. ज्या रोहिणीतून हे रक्त येतं ती जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद, उदबत्तीच्या काडीएवढी. हृदयाच्या रोहिण्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. द्राक्षबागेत ठिबकचं पाणी खराब असेल तर आधी ड्रीपर चोंदतो, मेन लाइनला कितीतरी उशिरा कळतं. इथंही तसंच. छातीत दुखू लागण्याआधी दोन ते पाच वर्षं अनेकांना ताठरता न येण्याची तक्रार सुरू झालेली असते. म्हणून चाळिशीतला माणूस लाजून गप्प बसला की मला काळजी वाटते ती त्याच्या हृदयाची.

आता सवयी. पहिली तंबाखू, आणि तिच्यावर जरा थांबतो, कारण आपल्या भागात ती व्यसनात धरलीच जात नाही. तळहातावर चिमूट, त्यावर नखभर चुना, अंगठ्यानं मळायचं, दोन थापा मारून धूळ उडवायची आणि ओठाखाली ठेवायची. तो चुना चवीपुरता नसतो. चुन्याच्या अल्कलीमुळे निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या अस्तरातून भराभर रक्तात जातं. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, आणि सगळ्यात बारीक वाहिनीला ते सगळ्यात जड जातं. "मी विडी-सिगारेट ओढत नाही, नुसती मळतो" हे समाधान खोटं आहे. धुरानं अस्तर आणखी बिघडतं हे खरं, पण आवळणारं निकोटिन दोन्हींत आहे. मिश्रीही तंबाखूच, भाजलेली.

सोडायची तर तारीख ठरवा आणि आदल्या रात्री पुडी, चुन्याची डबी घरातून, गाडीच्या डिकीतून, मोटरच्या पेटीतून काढून टाका. पहिला आठवडा अवघड जातो. तलफ येते ती पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ हाताला काम आणि तोंडाला बडीशेप द्या. निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली चिमूट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा लागेल का, ते डॉक्टरांना विचारा. बहुतेकांचा गम वाया जातो तो चावण्याच्या पद्धतीमुळे. सुपारीसारखा चघळत राहिलात तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं आणि तलफ तशीच राहते. सावकाश चावा, तिखट चव आली की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. अर्धा तास असं. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, कारण आम्ल पेयानं निकोटिन शोषलं जात नाही. चुन्याच्या बरोब्बर उलटं. गममध्येही निकोटिनच आहे, म्हणून दोन-तीन महिन्यांत तो कमी करत बंद करायचा. १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन आहे, तिथं माणसं बोलून मदत करतात.

दुसरं पोट. पँटचा नंबर धरू नका, पट्टा केव्हाच पोटाखाली उतरलेला असतो. शिवणकामाची टेप घ्या, शेवटची फासळी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मध्यावर गुंडाळा, सहज श्वास सोडा आणि बघा. ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर पोटातली ती चरबी पुरुषी हार्मोन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, स्त्री-हार्मोनमध्ये बदलत असते. त्याच्या मागून साखर येते. मधुमेह रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही खातो, म्हणून मधुमेही पुरुषांत ही तक्रार इतकी जास्त. दोन चमचे साखरेचा एक कप म्हणजे साधारण १० ग्रॅम. घरी, कट्ट्यावर, पाव्हण्याकडे मिळून सहा चहा झाले की ६० ग्रॅम साखर जेवणाआधीच आत गेली. उसाच्या मुलखात गुळाच्या चहाचं कौतुक फार, पण रक्ताला गूळ आणि साखर यांत मोठा फरक कळत नाही.

झोपेबद्दल कुणी विचारतच नाही. टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं आणि पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतं. शिकागोत २०११ साली दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. आपल्याकडे रात्रीची लाइट आली की ऊस पाजायला बाराला उठायचं, सकाळी डेअरीला दूध घालायचं. गळीत हंगामात कारखान्याची रात्रपाळी. हे टळत नाही, मान्य. मग दिवसा तुकड्यातुकड्यांनी न झोपता अंधाऱ्या खोलीत सलग झोपा, मोबाइल बाहेर ठेवून, आणि चोवीस तासांत सात तास भरा. जो मोठ्यानं घोरतो, मध्येच श्वास थांबून दचकतो आणि दिवसा गाडीवर पेंगतो, त्यानं झोपेची तपासणी करून घ्यावी. तिथं औषधापेक्षा श्वासाचं यंत्र कामी येतं.

दारूनं धीर येतो आणि ताठरता जाते. रोजची असेल तर वृषण आणि यकृत दोन्ही थकतात. एवढं पुरे.

व्यायामाचा हिशेब स्पष्ट आहे : एका वेळी ४० मिनिटं, आठवड्यातून चारदा, सहा महिने. वेग असा की बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याची चढण हे काम आपोआप करते. सांगलीत कृष्णाकाठी सपाटी आहे, तिथं पाय उचलूनच चालावं लागेल. बांधावर उभं राहून मजुरांवर लक्ष ठेवणं यात धरत नाहीत. त्याच्या जोडीला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम करा. वारा अडवतो आणि लघवी रोखतो तसं एकदम आत-वर ओढा, पाच सेकंद धरा, पाच सेकंद सोडा, असं दहादा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, श्वास आवळायचा नाही. लघवी करताना सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. तीन महिन्यांआधी फरक शोधू नका.

जिममधल्या पोरांना मात्र हात जोडून सांगतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, त्या मातीत आज अंग लवकर दिसावं म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं टोचली जातात. बाहेरून हार्मोन येतंय म्हटल्यावर मेंदू वृषणांना जाणारा हुकूम थांबवतो, वृषण लहान होतात, वीर्यातले शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. इंजेक्शन बंद केल्यावर गाडी रुळावर यायला काही महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. लग्न ठरलेल्या मुलानं हे लपवू नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे कुठल्याही सुधारणेचा रिपोर्ट तीन महिन्यांनीच बघायचा. वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश गारवा लागतो, म्हणून मांडीवरचा लॅपटॉप, कडक गरम पाण्याचा टब आणि दिवसभर घट्ट चड्डी टाळा.

तरुणांचं निम्मं दुखणं 'धातू जाण्या'च्या भीतीचं असतं. वीर्याचा बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेटमधला द्रव असतो. रक्ताच्या थेंबांतून वीर्य बनतं हा हिशेब चूक आहे. झोपेत वीर्य जाणं, हस्तमैथुन, यानं ताकद जात नाही. भीतीनं मात्र अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं आणि तेच वाहिन्या आवळतं. सकाळी जागं होताना ताठरता असते आणि बायकोजवळ गेल्यावर नसते, तर नळ्या-तारा बहुधा शाबूत आहेत.

स्टँडवरच्या चूर्णांत आणि 'पूर्ण आयुर्वेदिक' कॅप्सूलांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्राचं औषध, मिसळलेलं सापडतं, आणि किती ते पुडीवर लिहीत नाहीत. ही गोळी डॉक्टरांनी दिली तर चांगली आहे; रिकाम्या पोटी साधारण तासभर आधी घ्यायची, मटणाच्या रश्श्यावर घेतली की उशिरा लागते, आणि इच्छा नसेल तर लागतच नाही. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यानं तिला हात लावू नये, दोन्ही मिळून बीपी जिवावर बेतेल इतकं पडतं. चार तासांवर ताठरता उतरलीच नाही तर थेट इमर्जन्सीत जा.

पुढच्या वेळी दाराशी नको, खुर्चीत बसल्या बसल्या सांगा. चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत आणा. बीपीच्या काही गोळ्यांनी हा त्रास होतो आणि बहुतेकदा बदलून देता येतात, पण आपल्या मनानं बंद करू नका. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), कोलेस्टेरॉल आणि बीपी बघू. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी ८ ते १० मध्ये द्यायचं, रात्री पाणी पाजून आलेल्या दिवशी नाही. बायको येणार असेल तर तिलाही घेऊन या.