राखाडी बटणांची सकाळ

द्राक्षांच्या निर्यातीचा हंगाम भरात असताना, फेब्रुवारीतल्या एका सकाळी पावणेसातला पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमधून मला फोन आला. "साहेब, स्क्रीनवरची सगळी बटणं राखाडी झालीत, एकही दाबलं जात नाही," असे तिथले सुपरवायझर सांगत होते आणि मागे क्रेट सरकवल्याचा आवाज येत होता. ५०० ग्रॅमचे १० पनेट, म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे, भरलेली ५ किलोची पेटी वजन होऊन लेबल लागल्याशिवाय प्रीकूलिंगला, म्हणजे माल झटपट थंड करायच्या खोलीत, जात नाही, आणि तोडलेला माल बाहेर थांबला की आधी देठ सुकू लागतात. वजन आणि लेबलाचा तो प्रोग्राम मीच लिहिलेला असल्यामुळे जाब विचारायला दुसरे कोणी नव्हते. घरूनच रिमोटने जोडून मी जुनी आवृत्ती परत चढवली, तोवर वीस मिनिटे गेली.

आदल्या संध्याकाळी मी केलेला बदल अगदी किरकोळ होता. पहिले लेबल छापून होईपर्यंत 'लेबल पुन्हा छापा' हे बटण बंद ठेवायचे आणि नंतर प्रोग्रामनेच ते चालू करायचे, एवढेच काम होते. कॉलेज रोडच्या कार्यालयात पोहोचल्यावर मी तोच लॅपटॉप उघडला आणि आपण नेमके काय केले होते ते एकेक क्लिक आठवत पुन्हा करून पाहिले.

लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा आहे. अक्षरे वाचता यावीत म्हणून विंडोजचे स्केलिंग, म्हणजे पडद्यावरच्या गोष्टी मोठ्या दाखवण्याचे प्रमाण, १२५ टक्के ठेवलेले, म्हणजे कामाला प्रत्यक्षात जेमतेम १०९३ बाय ६१४ एवढीच जागा उरते. फॉर्म आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे टूलबॉक्स, म्हणजे फॉर्मवर ठेवायच्या घटकांची यादी, आणि खाली त्रुटींची यादी कायम उघडी असते. जागा वाचावी म्हणून उजवीकडचे प्रॉपर्टीजचे, म्हणजे निवडलेल्या घटकाचे गुणधर्म बदलायचे, पॅनेल मी आपोआप लपणारे करून ठेवले होते, आणि खरी गोम तिथेच होती. हे पॅनेल बाहेर सरकते तेव्हा फॉर्मला बाजूला सारत नाही, त्याच्यावरच पसरते. मी बटण निवडले, पॅनेल उघडले, तर बटण त्याच्याखाली जवळजवळ झाकले गेले. आपण योग्य तेच निवडले आहे ना, या शंकेने मी बटणाच्या उघड्या राहिलेल्या कडेवर पुन्हा क्लिक केले. ते क्लिक बटणावर न पडता दोन बोटे डावीकडे, सगळी बटणे ज्या चौकटीत बसवली आहेत तिच्या रिकाम्या जागेवर पडले.

यानंतर पॅनेल पुन्हा उघडल्यावर काहीच बदललेले दिसले नाही. निवड बदलली तरी हे पॅनेल आधीच्याच प्रॉपर्टीवर थांबून राहते. ती सोय म्हणूनच केलेली आहे आणि एरवी मला ती आवडतेही. 'एनेबल्ड', म्हणजे घटक चालू की बंद, ही ओळ बटणालाही असते आणि चौकटीलाही, त्यामुळे समोर तीच ओळ आणि तीच 'ट्रू' ही किंमत होती. मी ती 'फॉल्स' केली. चौकट बंद झाली की तिच्यातले प्रत्येक बटण बंद होते, आणि नंतर प्रोग्रामने एखादे बटण चालू करायचे म्हटले तरी वरची चौकट बंद असेपर्यंत ते राखाडीच राहते.

मी तपासले नव्हते असेही नाही. पॅनेल मिटल्यावर मला हवे असलेले बटण राखाडी दिसले आणि मी समाधानाने फाइल जतन केली. 'वजन नोंदवा' आणि 'पेटी बदला' ही बटणे त्या चिमुकल्या खिडकीच्या डावीकडे, स्क्रोल केल्याशिवाय न दिसणाऱ्या भागात होती. प्रोग्राम एकदा चालवून पाहिला असता तर सगळे तिथेच उघड झाले असते; तो आळस माझाच.

दुपारी आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीला मी काही न सांगता त्याच लॅपटॉपवर एका बटणाचा रंग बदलायला सांगितला. ती बटणाकडे गेली की पॅनेल मिटायचे, पॅनेलकडे आली की बटण झाकले जायचे. हा लपंडाव तीनदा झाल्यावर तिने अख्ख्या चौकटीचा रंग पिवळा करून टाकला आणि म्हणाली, "सर, मी बटणच सिलेक्ट केलं होतं ना?"

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मी सगळे सविस्तर, चित्रांसह कळवले. निवडलेल्या घटकाचे नाव पॅनेलच्या अगदी वरच्या ओळीत दिसते, असे उत्तर आले. ते खरेच आहे. नाव तिथे होते, फक्त माझी नजर तेव्हा पॅनेलच्या मधल्या एकाच ओळीवर खिळलेली होती. आता ते पॅनेल मी कायम उघडे ठेवतो, आणि टूलबॉक्स मिटवून टाकला आहे.